जनावराच्या अंगातून औषध पुढे कुठे जातं?

एका तरुण पशुधन पर्यवेक्षकाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "आमच्या तालुक्यात मी जन्मात गिधाड पाहिलेलं नाही. तरी गिधाडांपायी ही वेदनाशामकं बंद: जनावराला डायक्लोफेनॅक द्यायचं नाही, केटोप्रोफेन नाही, ॲसिक्लोफेनॅक नाही. गोठेवाले म्हणतात, चालणाऱ्या मेलॉक्सिकॅमने गाय उठत नाही, आणि मेडिकलमधून माणसांचं इंजेक्शन आणून स्वतःच टोचतात. मेलेलं जनावर तर आम्ही पुरतोच. मग या बंदीचा उपयोग काय? आणि औषध शेणामुतातून जमिनीत जातं म्हणतात, ते कितपत खरं?"

मी तीस वर्षांहून जास्त काळ सरकारी दवाखान्यात काढला, आधी कोकणात आणि मग घाटावर. कॉलेजात आम्हाला औषधशास्त्र शिकवलं त्याचा क्रम ठरलेला होता: औषध अंगात शिरतं कसं, पसरतं कसं, यकृतात त्याचं काय होतं, आणि शेवटी उत्सर्जन. उत्सर्जन आलं की सर पुस्तक मिटायचे. गाईच्या अंगाबाहेर पडलेलं औषध आमच्या परीक्षेतून सुटायचं. तुमचे सगळे प्रश्न त्या मिटलेल्या पुस्तकाच्या पुढचे आहेत.

आधी गिधाडांचं सांगतो, कारण त्यात माझा स्वतःचा हात आहे.

नव्वदच्या दशकात जनावरांचं डायक्लोफेनॅक बाजारात आलं तेव्हा आम्ही खूश होतो. स्वस्त, ताप उतरवणारं, सूज उतरवणारं. तीन दिवसांच्या तापाने बसलेली गाय संध्याकाळपर्यंत उठून चारा खायची, आणि गावात डॉक्टरचं नाव व्हायचं. मी किती बाटल्या संपवल्या याचा हिशेब नाही. रायगड जिल्ह्यात माझ्या हद्दीतल्या एका गावात ढोरं टाकायचा माळ होता आणि माळाच्या कडेला उंच आंब्यांवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घरटी. बैल मेला की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू, आणि दुपार कलायच्या आत कातडं सोलून उरलेला सांगाडा स्वच्छ. वास येईपर्यंत काही शिल्लक राहायचं नाही.

मग एका पावसाळ्याआधी तिथला वनरक्षक म्हणाला, "डॉक्टर, गिधाडं मान टाकून बसतायत." मी बघायला गेलो. फांदीवर बसलेला पक्षी, मान हळूहळू खाली झुकत पार पायापर्यंत यायची. मग दचकून वर, पुन्हा खाली. पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. काही दिवसांनी वनखात्याने एक मेलेला पक्षी शवविच्छेदनासाठी आणून दिला. पोट उघडलं आणि मी थांबलो. यकृतावर, हृदयाच्या पिशवीवर पांढरा थर, पानाच्या डब्यातला चुना बोटाने फासावा तसा. मूत्रपिंडं सुजलेली, फिकट. तो थर युरिक ॲसिडचा. मी अहवालात लिहिलं: अंतर्गत अवयवांवर युरेटचे थर, मूत्रपिंड निकामी, कारण अज्ञात. त्याच आठवड्यात माझ्या बॅगेत कारणाच्या चार बाटल्या होत्या.

तेव्हा सगळ्यांचा संशय साथीच्या रोगावर होता. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी गिधाडांची घट आधीच टिपली होती. उत्तर मात्र पाकिस्तानातल्या पंजाबातून आलं. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी 2004 साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या 25 गिधाडांपैकी 25 मध्ये डायक्लोफेनॅक सापडलं, आणि इतर कारणांनी मेलेल्या 13 पैकी एकातही नाही. आमच्या धंद्यात इतकी सरळ विभागणी सहसा मिळत नाही. एखादं तरी इकडचं तिकडे जातंच.

डोस किती लागतो हे ऐका, कारण गोठेवाल्याला समजावताना हाच आकडा उपयोगी पडतो. गिधाडाला किलोमागे साधारण 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक पुरतं. पक्षी पाचेक किलोचा. म्हणजे अर्धा ते एक मिलिग्रॅम. आपण गुडघा दुखला की 50 मिलिग्रॅमची गोळी घेतो, त्या गोळीचा पन्नासावा-शंभरावा भाग. चारशे किलोच्या गाईला किलोला एक मिलिग्रॅम या हिशेबाने 400 मिलिग्रॅम टोचलं आणि ती दुसऱ्या दिवशी मेली, तर यकृतात, मूत्रपिंडात आणि सुई टोचलेल्या जागी शिल्लक राहिलेलं औषध किती पक्ष्यांना पुरेल याचा अंदाज तुम्हीच करा. आणि गिधाडं यकृत-मूत्रपिंड आवडीने खातात, एका मढ्यावर पन्नास-पन्नास बसतात.

गाय जगली तर आठवड्याभरात तिच्या अंगातून औषध जवळजवळ निघून जातं. अडचण एवढीच की वेदनाशामक बहुधा अशाच जनावराला दिलेलं असतं जे मरणाच्या दारात आहे. मालकाने पैसे खर्चून शेवटचा उपाय म्हणून टोचून घेतलेलं असतं. म्हणून सगळ्या जनावरांपैकी थोड्यांनाच औषध मिळत असलं तरी मेलेल्यांमध्ये त्यांचं प्रमाण वाढतं. गिधाडांची घट घडायला दर 130 ते 760 मढ्यांमागे एक विषारी मढं पुरेसं आहे, असा संशोधकांचा हिशेब निघाला. बंदीच्या सुमारास भारतात तपासलेल्या मढ्यांपैकी साधारण दहातल्या एकात डायक्लोफेनॅक होतं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला चार-पाच वर्षं घेतं. असा पक्षी हा मार कसा भरून काढणार? 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांची जवळजवळ 97 टक्क्यांनी.

बंदी 2006 मध्ये आली, राजपत्रात अधिसूचना 2008 मध्ये. मग लोकांनी माणसांच्या 30 मिलीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात आणायला सुरुवात केली. नावाला माणसांचं औषध, पण 30 मिली कोणत्या माणसाला लागतं? म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनलाही एका वेळच्या डोसचं, 3 मिलीचं बंधन आलं. तुमचे गोठेवाले आता सहा-सहा ॲम्प्युल फोडतात ते त्यामुळे. एका ॲम्प्युलमध्ये 75 मिलिग्रॅम असतं, गाईला पाच-सहा लागतात. बोटं कापून घेतात, काचा उकिरड्यावर टाकतात, तरी करतात.

केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर जुलै 2023 मध्ये बंदी आली. त्यातलं ॲसिक्लोफेनॅकचं प्रकरण मला विशेष वाटतं, कारण ते गाईच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. बाटलीवरचं नाव बदललं, माल तोच. पुढे निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झालं. म्हणजे प्रत्येक वेळी एक औषध बंद झालं की दुकानदार शेजारचं काढून देतो, आणि ते गिधाडांना चालतं की नाही हे नंतर कळतं. माझं ठाम मत आहे की जनावरांचं वेदनाशामक बाजारात येण्याआधीच गिधाडांसाठी तपासलं गेलं पाहिजे. आज उलटं चाललं आहे.

आता मेलॉक्सिकॅमने गाय उठत नाही ही तक्रार. मी निवृत्तीच्या आधी अशा तक्रारीच्या मागे लागून बाटल्या तपासायचो. बहुतेक वेळा डोस चुकलेला असे. मेलॉक्सिकॅम बाजारात वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. किलोला अर्धा मिलिग्रॅम धरला तर चारशे किलोच्या गाईला 200 मिलिग्रॅम हवं. 20 मिलिग्रॅम प्रति मिलीची बाटली असेल तर 10 मिली. तेच 10 मिली 5 मिलिग्रॅमच्या बाटलीतून भरलं तर गाईला 50 मिलिग्रॅम मिळालं, म्हणजे पाव डोस. गाय उठली नाही की बदनाम होतं मेलॉक्सिकॅम. सिरिंज भरण्याआधी लेबलवरची ताकद वाचायची सवय लावा. गोठेवाल्यालाही वाचून दाखवा, त्याला गणित कळतं. दुधाचं फॅट तो तुमच्याहून चांगलं मोजतो. आणि हे औषध गिधाडांना का चालतं, तर गिधाडाच्या रक्तातून ते तासाभराच्या आत निम्मं होतं. डायक्लोफेनॅक बारा तासांहून जास्त रेंगाळतं आणि तेवढ्यात मूत्रपिंड बसतं. टॉल्फेनामिक ॲसिडही गिधाडांना सुरक्षित निघालं आहे, सूज जास्त असेल तर तो पर्याय जरूर ठेवा.

"आमच्याकडे गिधाडंच नाहीत" हे मला अनेकांनी सांगितलं आहे. तुमच्याकडे नाहीत कारण होती ती मेली. राहिलेली लांबून येतात. गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरतं. 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. पाठीवर यंत्र बांधून सोडलेल्या पक्ष्यांनी नंतर राज्यांच्या सीमा ओलांडल्या. त्यांना तालुक्याची हद्द कोण सांगणार? म्हसळ्याकडे, गडचिरोलीत, नाशिकच्या डोंगरकड्यांवर जी थोडी उरली आहेत, त्यांच्यासाठी तुमचा माळ जेवणाच्या टप्प्यात आहे.

गिधाडं गेल्यावर माळावर कोण आलं हे तुम्ही पाहिलं असेल. कुत्री. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हिशेब मांडला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली. कुत्र्यांची वाढ, रेबीज, सडकी मढी, घाण झालेलं पाणी. आकड्यावर वाद घालता येईल. पण मेलेल्या म्हशीभोवती जमलेल्या कुत्र्यांची टोळी एकदा पाहिली की दिशा चुकीची वाटत नाही. आणि मुंबईत डुंगरवाडीवर मृतदेह गिधाडांसाठी ठेवणाऱ्या पारशी समाजाला अंत्यविधीसाठी आरशांनी सूर्यकिरण एकवटायची सोय करावी लागली, तेही याच कारणाने.

गिधाडांवर मी फार रेंगाळलो. तुमचा शेणाचा प्रश्न त्याहून रोजचा आहे.

होय, खरं आहे. प्रत्येक औषधाचं वेगळं. सगळ्यात सरळ उदाहरण आयव्हरमेक्टिनचं. गोचीड, जंत, खरूज, सगळ्यावर चालतं. ज्या दोघांनी या औषधाचा पाया घातला त्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण टोचलेल्या आयव्हरमेक्टिनचा बहुतेक सगळा भाग शेणातून बाहेर पडतो, लघवीतून अगदी थोडा. आणि ते शेणात गेल्यावरही आपलं काम चालूच ठेवतं. किडे मारणं हेच त्याचं काम.

हे स्वतः बघायचं असेल तर प्रयोगशाळा नको. पहिल्या पावसानंतर चरायला सोडलेल्या जनावरांचे शेणाचे पो बघा. औषध न दिलेल्या गाईचा पो आठवड्यात चाळणीसारखा होतो. काठीने उलटला तर खाली बोटभर रुंदीची बिळं, शेणकिडे, पांढऱ्या अळ्या, भुसभुशीत माती वर आलेली. दोन-तीन आठवड्यांत तो दिसेनासा होतो, गवताला खत मिळतं. आयव्हरमेक्टिन टोचलेल्या गाईचा सुरुवातीच्या दिवसांतला पो महिन्याभराने उलटा. वरून पापडासारखा कडक, आतून तसाच ओला, आणि अळ्या नाहीत. मोठे किडे येतात, अंडी घालतात, पण अळ्या जगत नाहीत. म्हणून वर वर बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही. मी हा प्रकार एका गायरानावर एका गुराख्याला दाखवला. तो म्हणाला, "म्हणूनच यंदा शेण वाळून दगड झालंय होय, गोवऱ्या आपोआप पडल्यागत." त्याचं निरीक्षण माझ्या आधीचं होतं.

उपाय सोपे आहेत, फक्त कॅलेंडर बघून टोचायची सवय सोडावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या कळपाला एका दिवशी आयव्हरमेक्टिन देणं, म्हणजे शेणकिड्यांच्या ऐन हंगामात सगळ्या गायरानावर कीटकनाशक टाकणं. शेण तपासून ज्याला जंत आहेत त्यालाच द्या. दिलेलं जनावर निदान दहा-पंधरा दिवस गोठ्यात बांधा आणि त्याचं शेण वेगळं, उन्हात पसरून वाळवा. सूर्यप्रकाशात हे औषध लवकर तुटतं, अंधाऱ्या मातीत महिनोन्‌महिने टिकू शकतं. ओढ्याच्या काठाला तर अजिबात नको, पाण्यातल्या बारीक जिवांना हे फार थोड्या प्रमाणात मारतं. तीच गोष्ट गोचिडांसाठी फवारायच्या औषधाची. बादलीत उरलेलं पाणी ओढ्यात ओतून बादली तिथेच विसळायची पद्धत बंद करा. डेल्टामेथ्रिनच्या अशा एका बादलीने झिंगे आणि मासे उलटे झालेले मी पाहिले आहेत.

अँटिबायोटिकचं गणित जरा गुंतागुंतीचं. ऑक्सिटेट्रासायक्लिनचा मोठा भाग न बदलता शेण-लघवीतून निघतो आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतो. मातीतल्या जंतूंना थोडं थोडं अँटिबायोटिक रोज मिळालं की त्यातले चिवट तेवढे उरतात. शेणखत ओलं शेतात न टाकता नीट कुजवलं, ढीग आतून तापला, तर टेट्रासायक्लिन बऱ्यापैकी मोडतं. चिवट जंतू मात्र पूर्ण जात नाहीत. म्हणून मुळात कमी टोचणं हाच मार्ग.

आणि कासदाहाचं, म्हणजे कास सुजलेल्या गाईचं दूध. सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडल्यावर दूध डेअरीला घालू नका हे तुम्ही सांगता, मालक ऐकतो आणि ते दूध वासराला, कुत्र्याला किंवा गटारीला जातं. वासराच्या आतड्यात तोच चिवट जंतूंचा कारखाना सुरू होतो. खड्ड्यात ओता, चुना टाका. लेबलवर दुधाचा काळ दिलेला असतो तो पाळा. दिलेला नसेल तर आपल्या औषध नियमांप्रमाणे दुधाला किमान 7 दिवस आणि मांसाला 28 दिवस. गावात याची खरी तपासणी कोण करतं माहीत आहे? घरातली बाई. विरजण लावलेलं दही लागलं नाही, पातळ पाणी राहिलं, की ती म्हणते, "आज गाईला काय टोचलंय?" विरजणातले जंतू अँटिबायोटिकने मरतात, दही लागत नाही. डेअरीच्या यंत्राआधी तिला कळतं.

माणसांच्या औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गोठेवाला लगेच म्हणेल, "सगळा दोष आमच्याच जनावरांना का?" रास्त आहे. शहरातल्या सांडपाणी केंद्रातून डायक्लोफेनॅक अर्धवटच निघतं, उरलेलं नदीत जातं. वेदनाशामक जेल चोळून लगेच आंघोळ केली तर बहुतेक जेल मोरीतच जातं. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी केंद्राबाहेर 2007 मध्ये लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मोजलं गेलं, रुग्णाच्या रक्तात औषध असताना असतं त्याहूनही जास्त. युरोपने 2024 च्या नव्या सांडपाणी कायद्यात जादा शुद्धीकरणाच्या खर्चाचा किमान 80 टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. आपल्याकडे त्या वाटेने कधी जाऊ ते जाऊ. तोवर गोठ्यातलं आपल्या हातात आहे.

आता राहिलं पुरण्याचं. पुरल्याने कुत्री आणि रोग आटोक्यात राहतात, आणि हवा खेळत्या मातीत डायक्लोफेनॅक फार काळ टिकतही नाही. 2022 च्या लम्पी साथीत आपण खड्डे, चुना, मीठ यावर खूप राबलो, ते बरोबरच होतं. पण प्रत्येक जनावर पुरलं तर उरलेल्या गिधाडांनी खायचं काय? गडचिरोलीत वनखात्याने गिधाड उपाहारगृहं केली, तिथे औषधमुक्त मढं ठेवतात. तुमच्या भागात तशी सोय असेल तर तिथे द्यायचं मढं कोणतं आणि पुरायचं कोणतं, हे ठरवायला एकच कागद लागतो: शेवटच्या पंधरा दिवसांत काय टोचलं. म्हणून गोठ्याच्या दारामागे खडूने तारीख, औषध, डोस लिहायला लावा. वहीवर लिहितो म्हणणारे लिहीत नाहीत, दारावरचं मात्र टिकतं.

त्या पंधरा दिवसांत बंदी असलेलं काही टोचलं गेलं असेल तर मढं पुरायचंच. कोणी टोचलं त्यावरून भांडत बसू नका, नाहीतर तुम्हाला खरं सांगायचं लोक थांबतील. सहा फूट खड्डा, विहीर आणि ओढ्यापासून लांब, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर. पोट फोडून मग माती लोटा, नाहीतर फुगून वर येतं. वर काटे टाका. आणि बॅगेत अजून एखादी जुनी बाटली असेल तर ती ओढ्यात किंवा बेसिनमध्ये ओतू नका, तालुक्याच्या दवाखान्यातल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या डब्यात द्या. माझ्या शेवटच्या दोन बाटल्या मी तशाच दिल्या. नोंदवहीत सही करून घेतली.